वावराची हद्द

आमच्याकडे शेताला वावर म्हणतात. पुस्तकी मराठीत वावर म्हणजे राहणं, फिरणं, ये-जा. एखाद्या प्राण्याचा वावर कुठून कुठपर्यंत, हा प्रश्न खानदेशातल्या बोदवडच्या शिवारात उभं राहून विचारला की दोन्ही अर्थ एक होतात. ज्या लहानग्या उंदरांबद्दल लिहायचं आहे, त्यांचा वावर ठरतो तो वावरातच.

चैत्र-वैशाखात पऱ्हाट्या उपटून झाल्या की काळी जमीन उलते. हात कोपरापर्यंत जाईल अशा भेगा पडतात. या भेगांत मऊ केसांचा शेतउंदीर राहतो. इथून दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगेकडे निघालं की माती पातळ होत जाते, मुरूम वर येतो आणि बरड लागतं. तिथे बिळं दिसतात, पण ती दुसऱ्याची असतात, काटेरी केसांच्या उंदराची. या दोन मुलखांमधली रेघ कोणत्याही नकाशात नाही. एखाद्या शेतकऱ्याच्या एकाच गटात ती मावते, धुऱ्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरा.

नकाशात पाहायला गेलं तर भलतंच दिसतं. मऊ केसांचा उंदीर, म्हणजे मिलार्डिया मेल्टाडा, पाकिस्तानपासून श्रीलंकेपर्यंत पसरलेला आहे. त्याचाच सख्खा, मिलार्डिया कोंडाना, सिंहगडाच्या माथ्यावर राहतो आणि कित्येक वर्षं तो तेवढ्या एका गडावरूनच माहीत होता. मिश्रा आणि धांडा या संशोधकांनी १९७५ मध्ये या वंशाचा आढावा घेताना त्याला वेगळी जात म्हणून नाव दिलं. एका भावाला अर्धा उपखंड आणि दुसऱ्याला एक गड, अशी वाटणी कशी झाली? जवळच्या नात्यातल्या जाती घेऊन हा प्रश्न विचारण्यात एक सोय आहे. हत्ती आणि उंदीर यांच्या हद्दी वेगळ्या का, याला हजार कारणं असतात. दोन भावंडांत फरकच थोडे, म्हणून कारण सापडण्याची आशा जास्त.

या प्रश्नाच्या इतिहासात खानदेशला मानाचं स्थान आहे, आणि ते खानदेशातच फारसं माहीत नाही याचं मला वाईट वाटतं. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ मध्ये भारतातल्या सस्तन प्राण्यांची पद्धतशीर पाहणी सुरू केली. ती १९२३ पर्यंत चालली आणि पुढे ब्रह्मदेश व सिलोनपर्यंत गेली. तिची सुरुवात झाली खानदेशातून. सी. ए. क्रम्प हे संग्राहक इथे सापळे लावत फिरले आणि रॉबर्ट चार्ल्स रॉटन यांनी त्यावर लिहिलेला पाहणीचा पहिला अहवाल १९१२ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. रॉटन मुंबई इलाख्यातले निवृत्त वनाधिकारी. पाहणीमागचा मोठा आधार होते सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड, ज्यांनी १९०८ मध्ये लहानग्या सालीम अलींना पिवळ्या कंठाच्या चिमणीची ओळख पटवून दिली तेच. आमच्या काळीतल्या उंदराच्या वंशाला मिलार्डिया हे नाव त्यांच्यावरूनच पडलं.

त्याच १९१२ मध्ये रॉटन यांनी आणखी एका उंदराला नाव दिलं: मस फिलिप्सी. त्याचा मूळ नमुना असिरगडचा. बोदवडहून सरळ रेषेत ते सत्तर किलोमीटरच्या आसपास. बऱ्हाणपूरच्या पुढे सातपुड्याची रांग जिथे खचून वाट देते, नेमक्या त्या खिंडीवर हा किल्ला उभा आहे. उत्तरेतून दख्खनमध्ये उतरणाऱ्या फौजा याच वाटेने आल्या आणि पुढे रेल्वेही इथूनच गेली. प्राण्यांच्या वाटा आणि अडसर यांचा विचार करणाऱ्याला याहून चांगली जागा मिळायची नाही.

डोंगर आणि नदी हे कोणालाही सुचणारं पहिलं उत्तर. आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८५२ मध्ये ॲमेझॉनच्या माकडांबद्दल मांडलं होतं की मोठ्या नद्या ही जातींची कुंपणं असतात, या काठाला एक माकड, त्या काठाला दुसरं. आपल्याकडे सुंदरलाल होरा यांनी १९४९ मध्ये उलट बाजूने विचार केला. डोंगराळ ओढ्यांतले पूर्वेकडचे मासे सह्याद्रीत कसे पोचले, याचं उत्तर त्यांनी सातपुड्याच्या रांगेत शोधलं. म्हणजे एकाच डोंगराची एकाला भिंत होते आणि दुसऱ्याला पूल. होरांच्या मांडणीवर पुढे पुष्कळ आक्षेप आले, पण ही एवढी गोष्ट टिकून आहे.

तापीला मात्र उंदरांच्या बाबतीत कुंपण म्हणायला मी धजणार नाही. नदीच्या दोन्ही काठांना तीच गाळाची काळी आहे आणि तीच पिकं. मार्च उलटला की कितीतरी ठिकाणी पात्र पायी ओलांडण्याजोगं असायचं. धरणं झाली ती अलीकडे. खुद्द ॲमेझॉनच्या खोऱ्यात जेम्स पॅटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुरुआ नदीच्या दोन्ही तीरांवर लहान सस्तन प्राणी पकडून त्यांची जनुकं तपासली, तेव्हा पुष्कळ जातींत फरक या काठाचा आणि त्या काठाचा नव्हताच. तो होता वरच्या अंगाचा आणि खालच्या अंगाचा, आणि त्याचं कारण जमिनीखालच्या जुन्या उंचवट्याशी जुळत होतं. नदी डोळ्यांत भरते म्हणून तिला श्रेय जातं. भूगर्भातली घडी दिसत नाही म्हणून ती मागे राहते.

मग पाऊसमान. खारीचं उदाहरण यासाठी सगळ्यात सोपं, कारण पाठीवरचे पट्टे कोणालाही मोजता येतात. उत्तरेकडे पाच पट्ट्यांची, दक्षिणेकडे तीन पट्ट्यांची, आणि सह्याद्रीच्या ओल्या रानात तिसरी, जंगलात राहणारी. पाच पट्ट्यांच्या खारीला शास्त्रीय नाव दिलं तेही रॉटन यांनीच, १९०५ मध्ये, आणि तिचा मूळ नमुना सुरत जिल्ह्यातल्या मांडवी तालुक्याचा, म्हणजे आमच्याच तापीच्या खालच्या अंगाचा. जोसेफ कर्टिस मूर यांनी १९६० च्या सुमारास भारतीय खारींच्या भूगोलावर बारकाईने लिहिलं. त्यातून दिसतं की ओल्या रानाची कड जिथे संपते तिथे एका खारीची हद्द संपते. पण उत्तर आणि दक्षिण यांच्या मधली रेघ इतकी सरळ नाही. दख्खनच्या मधल्या पट्ट्यात दोघी एकमेकींच्या मुलखात शिरतात.

हवामानाचं कारण पुरेसं नाही, हे पाच पट्ट्यांच्या खारीनेच दाखवून दिलं. १८९८ मध्ये ती ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या प्राणिसंग्रहालयाच्या परिसरात सोडली गेली आणि शंभर वर्षांहून जास्त काळ तिथे टिकली. पर्थला पाऊस हिवाळ्यात पडतो, म्हणजे आमच्या नेमका उलटा. तिथे तिला जगता येत होतं, फक्त मध्ये समुद्र होता. पण सोडल्यावर ती पसरली तरी कुठे? ती त्या परिसराच्या आसपासच राहिली. जगता येणं, पोचता येणं आणि पसरता येणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रसाराचे नकाशे काढताना बहुतेक वेळा पहिलीच विचारात घेतात.

उंदराकडे परत येऊ. एवढ्याशा प्राण्याला बोदवडचं हवामान लागू होतं का? मे महिन्यात भुसावळ-बोदवड पट्ट्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. त्या उन्हात उघड्यावर तो घटकाभरही तग धरणार नाही. पण दुपारी तो बाहेर असतच नाही. हातभर खोल बिळात ऊन पोचत नाही, थोडी ओल टिकते, रात्र झाली की तो बाहेर पडतो. उंदराचं हवामान म्हणजे त्याचं बीळ, आणि बीळ कसं होईल हे माती ठरवते. वेधशाळेच्या आकड्यांवरून उंदराची हद्द काढणं म्हणजे छपरावरचं तापमान मोजून माजघरातल्या माणसाचा अंदाज बांधणं आहे.

हे सांगणारा पहिला माणूस विद्यापीठातला नव्हता. वॉल्टर एलियट हे मद्रास मुलकी सेवेतले अधिकारी धारवाडकडे, त्या काळच्या दक्षिण मराठा मुलखात, नेमणुकीवर होते. १८२४ च्या कित्तूरच्या उठावात ते काही काळ कैदेतही होते. त्यांनी जमवलेल्या नमुन्यांवरून प्राणिशास्त्रज्ञ ग्रे यांनी १८३७ मध्ये आपल्या शेतातल्या अनेक उंदरांना नावं दिली, आणि १८३९ मध्ये एलियट यांनी त्या मुलखातल्या सस्तन प्राण्यांची स्वतःची यादी छापली. ती यादी वाचताना जाणवतं की माहिती देणारे वडार होते. उंदीर खणून काढणं, त्यांची बिळं ओळखणं हे त्यांचं रोजचं काम. मेल्टाडा हे शास्त्रीय नाव वडारांच्या तोंडच्या शब्दावरून आलं. काटेरी उंदरांसाठी वापरलं गेलेलं लेगाडा हे जुनं वंशनामही त्यांचंच. गोलुंडा हे नाव कानडीतून. दगड फोडणाऱ्या, माती उपसणाऱ्या लोकांचे शब्द जगभरच्या संग्रहालयांच्या चिठ्ठ्यांवर गेले, पण त्या माणसांची नावं कुठे उतरली नाहीत.

एलियट लिहितात की काटेरी उंदीर तांबड्या, खडेरी जमिनीतच राहतो. बिळाच्या तोंडाशी तो बारीक खडे गोळा करतो, आत शिरला की त्याच खड्यांनी दार बंद करतो, आणि आतल्या खोलीतही खड्यांचंच अंथरूण असतं. मेल्टाडा याच्या अगदी उलट. त्याला खणायचा कंटाळा. दगडाखाली, फार तर उथळ बिळात, नाहीतर काळ्या जमिनीच्या भेगांत तो राहतो. पहिला जोराचा पाऊस आला की माती फुगते, भेगा मिटतात आणि आतले उंदीर मोठ्या संख्येने गाडले जातात. १८२६ मध्ये सुरुवातीचा पाऊस कमी झाला. भेगा मिटल्याच नाहीत. त्या वर्षी हे उंदीर इतके माजले की पेरलेलं बी उकरून खाल्लं आणि पुढे ज्वारीच्या ताटांवर चढून कणसं कातरली. शेतकऱ्यांनी धान्याच्या मोबदल्यात वडारांना त्यांच्या मागे लावलं.

मी हा तपशील किती वेळा वाचला असेल ते सांगता येत नाही. बेसाल्ट झिजून झालेल्या आपल्या काळीत माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळून आकसते. एवढ्या एका गुणधर्माने एका प्राण्याला फुकट घर मिळतं आणि तेच घर दरवर्षी मृगाच्या आसपास त्याची कबर होतं. खोल काळीत खडा मिळत नाही, म्हणून खड्यांचं दार लावणारा तिथे येणार नाही. बरडावर भेग पडत नाही, म्हणून भेगेवर अवलंबून असणारा तिकडे जाणार नाही. हा शेवटचा निष्कर्ष माझा आहे, एलियट यांनी तो असा मांडलेला नाही. पण खानदेशातली काळी, मुरमाड, बरड ही शेतकऱ्याची वर्गवारी उंदरांच्या जातींशी किती जुळते हे पाहिलं, तर हद्दीचा पहिला नकाशा तलाठ्याच्या दप्तरात सापडेल असं मला मनापासून वाटतं.

मातीने सगळं सुटतं असं मात्र नाही. दख्खनच्या आणि गंगेच्या मैदानातल्या शेतांत दोन अगदी सारखे छोटे उंदीर राहतात, मस बुडुगा आणि मस टेरिकलर. वजन सारखं, बिळं धुऱ्यावरच, पीक तेच. हातात घेऊनसुद्धा वेगळे ओळखणं अवघड. दोघांचीही गुणसूत्रं चाळीस, पण त्यांची घडण वेगळी, आणि हा फरक सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच नक्की झाला. बनारस हिंदू विद्यापीठात टी. शर्मा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी यावर अनेक वर्षं काम केलं. टेरिकलरमध्येच गुणसूत्रांचे तीन प्रकार निघाले, आणि त्यांतले दोन दक्षिणेत. याच घराण्यातल्या काटेरी मस प्लॅटिथ्रिक्सची गुणसूत्रं तर फक्त सव्वीस. याचा त्रासदायक परिणाम जुन्या नोंदींवर होतो. शंभर वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर बुडुगा लिहिलं असेल तर तो बुडुगाच होता असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. टेरिकलर हे प्राणिशास्त्रज्ञ ब्लिथ यांनी १८५१ मध्ये दिलेलं नाव. त्यालाच रॉटन यांनी १९१२ मध्ये नवा समजून डनी म्हटलं, आणि दोन्ही नावं पुढे दीर्घकाळ चालत राहिली. हद्द का पडली हे विचारण्याआधी हद्द कोणाची, हे ठरवायला लागतं.

आणि इतके सारखे दोघे एकाच वावरात राहतात कसे? शेजारी भांडखोर असेल तर एकाला उठावं लागतं, असा पाठ्यपुस्तकातला नियम. त्याचं सुंदर उदाहरण अमेरिकेतल्या नेवाडाच्या डोंगरांतलं आहे. तिथल्या चिपमंक खारींच्या दोन जातींवर जेम्स ब्राऊन यांनी १९७१ मध्ये लिहिलं. विरळ झाडीत भांडखोर जात दुसरीला हुसकावते, कारण जमिनीवर पळणाऱ्याला गाठता येतं. दाट झाडीत मात्र हुसकावली जाणारी फांद्याफांद्यांवरून निसटते आणि भांडखोर जातीचा सगळा वेळ पाठलागात जातो, खायचं राहून जातं. झाडी जिथे दाट होते तिथे हद्द बदलते. आमच्या बुडुगा आणि टेरिकलर यांच्यात अशी रेघ का पडली नाही, याला माझ्या मते शेतीच कारण आहे. वर्षातून दोनदा नांगर-वखर फिरतो, सगळी बिळं मोडतात, आणि दोघांनाही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. कोणी एक जिंकण्याइतका वेळच मिळत नाही.

हद्द राखायला भांडणच लागतं असंही नाही. युरोपात डेन्मार्कपासून बल्गेरियापर्यंत घरउंदरांच्या दोन उपजाती एका अरुंद पट्ट्यात भेटतात. पूर्वेकडची मस्क्युलस, पश्चिमेकडची डोमेस्टिकस. संकर होतो, पण संकरित पिल्लांची प्रजननक्षमता कमी, त्यामुळे कुठल्याच बाजूची जनुकं फार आत शिरत नाहीत. मध्ये डोंगर नाही, नदी नाही, हवाही दोन्हीकडे जवळपास तीच. आपल्या घरातला उंदीर तिसऱ्या, कास्टेनियस उपजातीचा.

यापेक्षा खोलवर गेलं की काळ येतो. उंदरांच्या घराण्याचा सगळ्यात सलग जीवाश्म इतिहास पाकिस्तानातल्या पोटवारच्या शिवालिक थरांत आहे. सुमारे चौदा दशलक्ष वर्षांपूर्वीच्या अँटेमसपासून पुढे मस वंशापर्यंतची पायरी-पायरी तिथे दातांवरून लागते. हिमयुगाच्या ऐन भरात, वीस हजार वर्षांपूर्वी, मोसमी पाऊस क्षीण होता आणि कोरडा मुलूख पसरलेला होता. पुढे पाऊस वाढला तशी ओल सरकली आणि मागे तुकडे उरले. सिंहगडाच्या माथ्यावरचा कोंडाना हा असा मागे उरलेला तुकडा असेल का? मला तसं वाटतं. चहूबाजूंनी कडे असलेला माथा हे उंदराच्या दृष्टीने बेटच. मात्र गडावरची वाढती वर्दळ आणि कचरा त्या बेटावर काळ्या घरउंदरालाही घेऊन येतात, ही खरी काळजीची गोष्ट आहे.

आणि शेवटी पाणी, म्हणजेच ते फिरवणारे आपण. थरच्या वाळवंटात दिवसा हिंडणारा मेरिओनीस हा जर्बिल उंदीर वाळूतच राहतो, तर त्याचा नातलग टाटेरा इंडिका जवळजवळ सगळ्या कोरड्या भारतभर आढळतो. जोधपूरच्या काजरी संस्थेत ईश्वर प्रकाश यांनी या उंदरांवर उभं आयुष्य घातलं. राजस्थानात कालव्याचं पाणी आल्यावर वाळूतले जर्बिल मागे हटले आणि ओल आवडणारे शेतउंदीर पुढे सरकले, हे त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून दिसलं. आमचा मेल्टाडाही त्या पुढे सरकणाऱ्यांत होता.

तीच गोष्ट इथे आमच्या डोळ्यांदेखत घडत असावी. तापीकाठच्या रावेर-यावलच्या केळीबागांत बारा महिने ओल असते. घुशीला हेच हवं. तिला ओली, मऊ, खणायला सोपी जमीन लागते, आणि ठिबकच्या नळ्या कुरतडल्याच्या तक्रारी कुठल्या गावात नाहीत? बोदवडची कोरडवाहू कपाशी आणि दादर ज्वारी मात्र अजून भेगांच्या भरवशावर आहे. म्हणजे चाळीस-पन्नास किलोमीटरच्या आत घुशीचा मुलूख आणि मेल्टाडाचा मुलूख वेगळे पडलेले असणार, आणि जसजशी पाइपलाइन बोदवडकडे येईल तसतशी ही रेघ सरकणार. भेगा बुजल्या तर भेगेतला उंदीर जाईल. शेतकऱ्याला ते नुकसान वाटणार नाही, पण त्याच्या जागी घूस येईल हे त्याला आधी कळलेलं बरं. मामला शेत आणि घर यांच्या सीमेचाही आहे. प्लेगसारखे आजार रानातल्या उंदरांकडून घरातल्या उंदरांकडे जातात ते या दोघांचे मुलूख जिथे भिडतात तिथेच. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावाने ते अनुभवलं.

कॅलिफोर्नियात जोसेफ ग्रिनेल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला योसेमिटीच्या डोंगरात प्राणी कुठे किती उंचीवर आढळतात याच्या काटेकोर नोंदी केल्या होत्या. क्रेग मॉरित्झ आणि सहकारी त्याच जागांवर पुन्हा गेले आणि २००८ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. अठ्ठावीस जातींपैकी निम्म्यांच्या हद्दी सरासरी पाचशे मीटर वर सरकल्या होत्या. बाकीच्या पुष्कळशा जागच्या जागी होत्या. सख्ख्या जातींतही एक हलली आणि दुसरी नाही, हे त्यातलं सगळ्यात शिकण्यासारखं. ते शक्य झालं कारण जुन्या नोंदी होत्या.

आपल्याकडेही त्या आहेत. क्रम्प यांच्या खानदेशातल्या नमुन्यांची कातडी आणि कवट्या लंडनच्या आणि मुंबईच्या संग्रहालयांच्या खणांत आहेत. पायाला दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर गाव, तारीख, लांबी आणि नर की मादी हे लिहिलेलं आहे. वाळलेल्या कातडीच्या कणभर तुकड्यातून आज जनुकं वाचता येतात, म्हणजे बुडुगा की टेरिकलर हा १९११ चा गोंधळही सुटेल. जिल्ह्यात विद्यापीठ आहे, प्राणिशास्त्राचे विभाग असलेली महाविद्यालयं आहेत, दरवर्षी प्रकल्पासाठी विषय शोधणारी मुलं आहेत. तापीच्या काठापासून बोदवडवरून अजिंठ्याच्या पायथ्यापर्यंत एक सरळ रेघ धरायची. तिच्यावर केळी, कपाशी, दादर, पडीक, मुरमाड आणि बरड ओळीने लागतात. मृगाआधी भेगा उघड्या असताना एकदा आणि त्या मिटल्यावर एकदा, दर अर्ध्या कोसाला भाकरीचा तुकडा लावलेले दहा-दहा सापळे संध्याकाळी ठेवायचे आणि पहाटे उचलायचे.